ताप आला तर केंद्रात जायचे की नाही: सिएरा लिओनमधल्या गावबैठका आणि इबोला

२०१४ च्या पावसाळ्यात पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या पूर्वेकडच्या एखाद्या घरात कोणाला ताप भरला, की घरच्यांपुढे पहिला प्रश्न असायचा तो सांगायचे की लपवायचे हा. ताप, डोकेदुखी, अंग गळून जाणे, उलट्या. मलेरियाची सुरुवात अशीच होते, टायफॉइडचीही, त्या भागात कायम मुक्कामाला असलेल्या लासा तापाचीही आणि इबोलाचीही. सांगितले तर गाडी येणार, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसे उतरणार, आजाऱ्याला घेऊन जाणार आणि घर २१ दिवस बंद होणार. नेलेला माणूस परत येईल याची खात्री नाही. तो गेला तर त्याला अंघोळ घालून निरोप देणेही घरच्यांच्या हाती राहणार नाही. लपवले तर घरातले सगळेच धोक्यात.

हा निर्णय राजधानी फ्रीटाउनच्या मंत्रालयात होत नव्हता, जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेतही होत नव्हता. तो घरात, आजाऱ्याच्या उशाशी बसून होत होता. तो कोणत्या बाजूला झुकेल, हे पुष्कळ अंशी त्या घराला जवळच्या आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेबद्दल आधीपासून काय वाटत होते यावर अवलंबून होते. मागच्या वेळी बाळाला घेऊन गेलो तेव्हा ती हजर होती का? तिने पैसे मागितले होते का? नीट बोलली होती का?

या प्रश्नांची उत्तरे कशी बदलतात, हे मोजण्याची संधी या देशात एका योगायोगाने मिळाली. इबोला येण्याच्या साधारण दोन वर्षे आधी चार जिल्ह्यांतल्या २५४ सरकारी आरोग्य केंद्रांवर लोकसहभागाचा एक प्रयोग झाला होता. तो करताना इबोला कोणाच्याही मनात नव्हता. लसीकरण, बाळंतपणे, परिचारिकांची गैरहजेरी असे रोजचेच विषय होते. पण साथ आली तेव्हा कोणत्या केंद्राच्या परिसरात आधी काय झाले होते, हे कागदावर होते. त्यामुळे खिळखिळ्या राज्यव्यवस्थेत नागरिकांना सेवेच्या कारभारात ओढल्याने नेमके काय साधते, या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर देणारे दुसरे प्रकरण मला तरी माहीत नाही.

युद्धानंतरचे आरोग्य केंद्र

सिएरा लिओनमधले यादवी युद्ध १९९१ ते २००२ असे अकरा वर्षे चालले. सुमारे ५० हजार माणसे मेली, लाखो परागंदा झाली. युद्धाला पैसा पुरवणाऱ्या हिऱ्यांची चर्चा जगभर झाली, पण युद्धाची मुळे शोधताना एक साधी प्रशासकीय गोष्टही लक्षात ठेवावी लागते. १९७२ मध्ये देशातल्या स्थानिक परिषदा बरखास्त करण्यात आल्या आणि पुढची तीन दशके सगळे निर्णय राजधानीत होत राहिले. गावातल्या माणसाला तक्रार करायला दार उरले ते पारंपरिक प्रमुखाचे, आणि ते दार कोणासाठी उघडेल हे त्या प्रमुखाच्या मर्जीवर असे. परिषदा पुन्हा अस्तित्वात आल्या २००४ मध्ये. प्राथमिक आरोग्यसेवेची बरीच जबाबदारी कागदोपत्री त्यांच्याकडे आली. मनुष्यबळ, पगार आणि नेमणुका मात्र राजधानीकडेच राहिल्या.

अशा अवस्थेत २००८ ची राष्ट्रीय आरोग्य पाहणी झाली. दर एक लाख जिवंत जन्मांमागे ८५७ मातामृत्यू. दर हजार बालकांपैकी १४० पाच वर्षांच्या आत दगावलेली. जगातल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी हे होते. केंद्रे होती, पण लोक तिथे जात नसत, कारण प्रत्येक गोष्टीला पैसे पडत आणि पैसे देऊनही औषध मिळेल याचा भरवसा नसे.

२७ एप्रिल २०१० रोजी, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, राष्ट्राध्यक्ष अर्नेस्ट बाई कोरोमा यांनी गर्भवती, स्तनदा माता आणि पाच वर्षांखालची मुले यांच्यासाठी सरकारी उपचार मोफत केले. त्याच्या महिनाभर आधी आरोग्य कर्मचाऱ्यांनी संप केला होता. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. रुग्णांची गर्दी वाढणार आणि तुटपुंज्या पगारात भर घालणारे वरचे पैसे बंद होणार, तर आम्ही जगायचे कसे? सरकारने पगार वाढवले, पगारपत्रकावरची खोटी नावे छाटली. ब्रिटनने पगारवाढीला पैसे दिले, युनिसेफने औषधे आणली. पहिल्या वर्षात केंद्रांवर मुलांची गर्दी झपाट्याने वाढली.

पुढे सुरू झाली नेहमीची घसरण. औषधांच्या पेट्या राजधानीहून निघत आणि वाटेत हलक्या होत. जिथे मोफत म्हणायचे तिथे कार्डाचे पैसे, हातमोज्यांचे पैसे, सुईचे पैसे मागितले जात. आईला आपला हक्क काय हे नीट माहीत नसे. परिचारिकेला आपण काय करणे अपेक्षित आहे हे माहीत असले, तरी ते कोणी पाहत नसे. जिल्ह्याचा पर्यवेक्षक येणार तर मोटारसायकलला पेट्रोल हवे, आणि पावसाळ्यात रस्ता हवा.

जागतिक बँकेने २००४ च्या विकास अहवालात या कोंडीसाठी दोन रस्त्यांची कल्पना मांडली होती. लांबच्या रस्त्यात नागरिक मत देतो, निवडून आलेला पुढारी खात्याला धारेवर धरतो आणि खाते कर्मचाऱ्याला कामाला लावते. जवळच्या रस्त्यात नागरिक थेट सेवा देणाऱ्याशी बोलतो. जिथे राज्यच मोडकळीला आले आहे, तिथे लांबचा रस्ता जागोजागी खचलेला असतो. म्हणून देणगीदारांना जवळच्या रस्त्याचे मोठे आकर्षण. कितीतरी देशांत कितीतरी पैसा त्यावर खर्च झाला आहे, आणि त्यातला बराचसा काहीही न बदलता विरून गेला आहे. हे पुढे येईलच.

एक पत्रक आणि तीन बैठका

प्रयोगात बो, केनेमा, बोंबाली आणि टोंकोलिली हे चार जिल्हे होते. आरोग्य मंत्रालय, विकेंद्रीकरण सचिवालय, जागतिक बँक आणि संशोधकांचा एक गट यांनी तो मिळून आखला. गावोगावी काम केले कन्सर्न, इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी आणि प्लॅन या संस्थांच्या माणसांनी. २०११ च्या अखेरीस सगळ्या केंद्रांची आणि आसपासच्या घरांची पाहणी झाली. नंतर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केंद्रे तीन गटांत विभागली गेली. एका गटात समुदायाची देखरेख, दुसऱ्या गटात कर्मचाऱ्यांना सन्मान, तिसऱ्यात आहे तसेच. २०१३ मध्ये पुन्हा पाहणी झाली.

सन्मानाचा भाग चटकन सांगून टाकतो. केंद्रांची आपसात स्पर्धा, कामगिरीचे निकष आधी जाहीर, आणि उत्तम किंवा सर्वाधिक सुधारलेल्या केंद्राचा चारचौघांत गौरव. पैसे नाहीत. कल्पना चांगली होती आणि तिचा उपयोगही झाला.

देखरेखीच्या गटात गोष्ट सुरू झाली एका पत्रकापासून. त्याला गुणपत्रक म्हणता येईल. त्या केंद्राच्या परिसरातली आरोग्याची स्थिती आणि केंद्राचा वापर पाहणीतून काढून सोप्या रूपात मांडलेला होता. गावाला आपल्याच गावाचे चित्र आकड्यांत पहिल्यांदा दिसत होते. ते पत्रक घेऊन एक बैठक गावकऱ्यांची व्हायची. त्यात केंद्राचे कोणी नसे, म्हणून लोक मोकळे बोलत. दुसरी बैठक फक्त केंद्रातल्या कर्मचाऱ्यांची. तिथे गावकरी नसत, म्हणून तेही मोकळे बोलत. तिसऱ्या बैठकीत दोघे समोरासमोर बसत आणि एक करार करत. आम्ही हे करू, तुम्ही ते करा. पुढच्या महिन्यांत पुन्हा भेटून कराराचे काय झाले ते पाहायचे.

या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट मला ती दुसरी बैठक वाटते. लोकसहभागाच्या बहुतेक योजनांमध्ये कर्मचारी हा आरोपी असतो. लोकांना हक्क शिकवायचे, आकडे हाती द्यायचे आणि त्याच्या अंगावर सोडायचे. इथे त्याचेही ऐकून घेतले गेले. पाणी लांबून आणावे लागते, राहायला खोली नाही, लस संपली की आई माझ्यावर ओरडते पण लस पाठवणे माझ्या हातात नाही, बाळंतपणाला बायका शेवटच्या घटकेला आणतात आणि मग दगावल्या की दोष माझा. असल्या तक्रारी ज्याने ग्रामीण आरोग्यसेवा जवळून पाहिली आहे त्याला अनोळखी नाहीत. गावाच्याही होत्या. केंद्र बंद असते, पैसे मागतात, ओळखीच्यांना आधी घेतात.

करारात दोन्ही बाजूंना आपापल्या आवाक्यातले काही घालता येत होते, हे महत्त्वाचे. केंद्राने वेळेवर उघडणे, सगळ्यांना सारखे वागवणे, मोफत काय आहे ते उघड सांगणे. गावाने श्रमदानाचा हात देणे, गरोदर बाईला वेळेत केंद्रात पोचवणे. यासाठी राजधानीतून एक रुपयासुद्धा यायला नको होता.

२०१३ च्या पाहणीत फरक दिसला. दोन्ही उपक्रमांच्या केंद्रांवर लोकांचे येणे वाढले होते आणि समाधानही वाढले होते. पण मुलांच्या जिवावर ठोस परिणाम दिसला तो देखरेखीच्या भागात: पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू सुमारे ३८ टक्क्यांनी कमी. सन्मानाने कर्मचारी सुधारला. बैठकांनी कर्मचारी आणि कुटुंब दोघांचेही वागणे बदलले. माझ्या मते या दोन उपक्रमांतले अंतर तिथेच आहे. बाळाला जुलाब लागल्यावर पहिल्या दिवशी निघायचे की चौथ्या, हे आई ठरवते. भिंतीवर लागलेले मानपत्र तिचे मन वळवायला पुरत नाही.

मे २०१४

इबोला गिनीच्या जंगलपट्ट्यात २०१३ च्या डिसेंबरात सुरू झाला. सीमेपलीकडे कैलाहुन जिल्हा. सीमा कागदावरची, नातीगोती दोन्हीकडची. सीमेजवळच्या गावातली एक नामांकित वैदू बाई गिनीतल्या रुग्णांवर उपचार करताना मेली आणि तिच्या अंत्यविधीला आलेल्या बायकांमधून आजार पसरला. २०१४ च्या मे अखेरीस केनेमाच्या सरकारी रुग्णालयात देशातला पहिला रुग्ण निश्चित झाला. त्या रुग्णालयात लासा तापाचा विशेष विभाग आणि प्रयोगशाळा होती, म्हणून निदान तरी झाले. विभागाचे प्रमुख डॉ. शेख उमर खान यांनी शंभराहून अधिक रुग्णांवर उपचार केले आणि २९ जुलैला ते स्वतः इबोलाने गेले. त्यांच्या आधी आणि नंतर त्याच रुग्णालयातल्या परिचारिका एकामागून एक गेल्या.

डॉ. खान यांच्या मृत्यूच्या चार दिवस आधी, २५ जुलैला, याच रुग्णालयासमोर मोठा जमाव चालून आला होता. बाजारात कोणीतरी ओरडून सांगितले होते की इबोला वगैरे काही नाही, रुग्णालयात नरभक्षणाचे विधी चालतात. पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. या घटनेकडे अज्ञान म्हणून बोट दाखवणे सोपे आहे. मला ते पटत नाही. ज्या राज्याने अकरा वर्षे जीव वाचवला नाही, ज्याच्या दवाखान्यात मोफत औषधालाही पैसे पडले, ते राज्य अचानक पांढऱ्या पोशाखात दारात उभे राहते आणि आजाऱ्याला द्या म्हणते. त्यावर अविश्वास ठेवणे हा त्या माणसांच्या अनुभवाचाच निष्कर्ष होता.

सरकारी प्रचारानेही सुरुवातीला घात केला. इबोलावर उपाय नाही, असे फलकांवर आणि रेडिओवर सांगितले गेले. हेतू सावध करण्याचा. ऐकणाऱ्याने अर्थ काढला तो असा की उपाय नसेल तर तिथे जाऊन मरण्यापेक्षा घरी मेलेले बरे. प्रत्यक्षात लवकर आलेल्या रुग्णाला नुसते पाणी, क्षार आणि देखभाल मिळाली तरी वाचण्याची शक्यता वाढत होती. आणि तो घराबाहेर पडला की घरच्यांना लागण होण्याची शक्यता कमी होत होती.

जुलैअखेर आणीबाणी जाहीर झाली. सप्टेंबरात १९ ते २१ असे तीन दिवस सबंध देश घरात बंद ठेवून दारोदार फिरून रुग्ण शोधण्यात आले. रुग्णाची किंवा मृत्यूची खबर देण्यासाठी ११७ हा दूरध्वनी क्रमांक होता. सैन्य आणि पोलीस विलगीकरणातल्या घरांवर पहारा देत होते. तरीही फोन करायचा की नाही हे घरच ठरवत होते. आजार बाहेरून ओळखता येत नाही, आणि प्रत्येक झोपडीत शिपाई बसवता येत नाही. ७ नोव्हेंबर २०१५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने देश साथमुक्त जाहीर केला. नंतरचे तुरळक रुग्ण धरून एकूण १४,१२४ रुग्णांची आणि ३,९५६ मृत्यूंची नोंद झाली होती.

आकडा वाढला, तो कशाने

साथ ओसरल्यावर संशोधकांनी त्या २५४ केंद्रांच्या परिसरांतली इबोलाची नोंद काढली. जिथे आधी उपक्रम झाले होते, तिथे नोंदवलेले रुग्ण सुमारे ६२ टक्क्यांनी जास्त होते.

वरवर पाहता ही भयंकर बातमी आहे. लोकांना केंद्रात यायला शिकवले आणि केंद्रातच लागण झाली, असा अर्थ कोणीही काढेल. ही शंका रास्त होती, कारण त्या काळात अनेक आरोग्य केंद्रे खरोखरच संसर्गाची ठिकाणे झाली होती. म्हणून तीन शक्यता तपासण्यात आल्या. पहिली, लोक लक्षणे लपवण्याऐवजी सांगू लागले. दुसरी, उपक्रमांमुळे आजार खरोखरच जास्त पसरला. तिसरी, त्या भागात यंत्रणेनेच जास्त शोध घेतला. पुरावा पहिल्या शक्यतेच्या बाजूने गेला. सोबतचा आकडा असा की इबोलाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते, आणि हा परिणाम देखरेखीच्या केंद्रांभोवती अधिक ठळक होता. आजार जास्त पसरला असता तर मृत्यू वाढायला हवे होते. ते घटले.

लपवलेला रुग्ण आकड्यात येत नाही. तो थेट दफनात येतो, किंवा तिथेही येत नाही. म्हणून साथीच्या पहिल्या महिन्यांत कमी आकडा दाखवणाऱ्या गावाकडे पाहून सुटकेचा श्वास सोडणाऱ्या अधिकाऱ्याने घाई केली, असेच म्हणावे लागते. सार्वजनिक सेवांत तक्रारींचेही असेच असते. तक्रारपेटी रिकामी असण्याचा एक अर्थ सगळे ठीक आहे असा होतो, आणि दुसरा, त्या पेटीवर कोणाचा विश्वास उरलेला नाही असाही.

त्या बैठकांमध्ये हात धुण्याबद्दल, मृतदेहाला हात लावू नका याबद्दल एक शब्दही इबोलाच्या संदर्भात बोलला गेलेला नव्हता, ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते. बैठका झाल्या तेव्हा तो आजार या देशाला ठाऊकही नव्हता. लोकांना माहिती मिळाली म्हणून ते आले, असे म्हणायला जागा नाही. माहिती तर नंतर सगळ्यांनाच मिळाली, फलकांवर, रेडिओवर, भोंग्यांवर. परिचारिका ओळखीची झाली होती आणि ती आपल्याला फसवणार नाही असे वाटत होते, एवढाच फरक होता. तो साथीच्या आधी तयार झाला होता. साथ आल्यावर तो तयार करणे कोणत्याही यंत्रणेला जमले असते असे वाटत नाही.

गर्दीचा अर्थ

आता दुसरी बाजू, कारण याच देशात लोकसहभागाचे एक मोठे अपयशही मोजले गेले आहे.

युद्धानंतर गोबिफो नावाचा एक प्रकल्प आला. क्रिओ भाषेत या शब्दाचा अर्थ पुढे चला. बोंबाली आणि बोन्थे जिल्ह्यांतल्या २३६ गावांपैकी निम्म्या गावांत गावविकास समित्या बसवल्या गेल्या, त्यांना निधी दिला गेला, आणि बायका व तरुण निर्णयात आले पाहिजेत असा आग्रह धरला गेला. काही वर्षांनी तपासले तेव्हा शाळा, विहिरी, धान्य वाळवायची खळी उभी राहिली होती. पैसा खाल्ला गेला नव्हता, ही मोठीच गोष्ट. पण गावातला निर्णय घेण्याचा रिवाज तसूभर बदलला नव्हता. संशोधकांनी गावांना मीठ आणि बॅटऱ्या यांतले एक निवडायला सांगितले आणि निवड कोण करते ते गुपचूप पाहिले. प्रकल्पाच्या गावात आणि बाहेरच्या गावात फरक नव्हता. वडीलधाऱ्यांनीच ठरवले.

आणि प्रमुख. देशात त्या काळी १४९ प्रमुखपदे होती. हे पद आजन्म, आणि ते ठरावीक राजघराण्यांतल्या माणसालाच मिळते. अशी घराणी कुठे एक-दोन, कुठे डझनभर. डॅरन असेमोग्लू, ट्रिस्टन रीड आणि जेम्स रॉबिन्सन यांनी २०१४ मध्ये दाखवले की जिथे घराणी कमी, म्हणजे पदासाठी स्पर्धा कमी, तिथे शिक्षण, मुलांचे आरोग्य आणि रोजगार मागे असतात. पण त्याच ठिकाणी लोक प्रमुखाबद्दल जास्त आदराने बोलतात आणि सभांना, सामूहिक कामांना जास्त संख्येने येतात. सभेची गर्दी हा तिथे सत्तेचा पुरावा आहे. प्रमुखाने बोलावले आणि लोक आले. कोणत्याही प्रकल्पाच्या अहवालात हजेरीपट जोडून सहभाग सिद्ध करणाऱ्यांनी हा निष्कर्ष समोर ठेवावा असे मला कळकळीने वाटते.

मग आरोग्य केंद्रांच्या बैठका का चालल्या? एक कारण बहुधा हे की तिथे सत्तेची फेरवाटणी मागितलेली नव्हती. प्रमुखाचे काही जात नव्हते. विषय ठोस होता, पलीकडे बसलेला माणूस ठोस होता, आणि करार पाळला गेला की नाही हे दोन आठवड्यांत कोणालाही दिसत होते. दुसरे कारण वेळ. उपचार मोफत होऊन दोनेक वर्षेच झाली होती. हक्क नवा होता आणि अर्धवट माहीत होता. थोडे बोलले तरी पुष्कळ फरक पडेल अशी ती घडी होती.

युगांडातला अनुभव हे वेळेचे महत्त्व दाखवतो. तिथे २००० च्या दशकाच्या मध्यावर नऊ जिल्ह्यांतल्या ५० दवाखान्यांपैकी निम्म्यांभोवती अशाच बैठका झाल्या आणि बालमृत्यू ३३ टक्क्यांनी घटल्याचे प्रसिद्ध झाले. जगभर त्याचा गाजावाजा झाला. दहाएक वर्षांनी त्याच देशात ३७६ केंद्रांवर तसाच, कितीतरी मोठा प्रयोग झाला. उपचारांचा दर्जा थोडा सुधारला. केंद्रांचा वापर आणि बालमृत्यू जागचे हलले नाहीत. मधल्या काळात तिथली आरोग्यसेवा मुळातच सुधारली होती. नुसत्या बोलण्याने सुटण्यासारखे जे होते ते बहुधा सुटून गेले होते, आणि उरलेल्यासाठी औषधे, माणसे, इमारती हव्या होत्या. म्हणून एका देशात चाललेली पद्धत दुसऱ्या देशात पेटीत घालून नेणाऱ्यांनी आधी विचारले पाहिजे की इथली अडचण बोलण्याने सुटणारी आहे का.

बैठकीच्या हातात नसलेले

सिएरा लिओनमध्येही सगळे बोलण्याने सुटणारे नव्हते. साथीत देशातले दोनशेहून अधिक आरोग्य कर्मचारी मेले. अनेकांकडे सुरुवातीला पुरेसे हातमोजेसुद्धा नव्हते. त्यांच्यावर गावाचा कितीही विश्वास असता तरी हातमोजे गावातून येणार नव्हते. जवळचा रस्ता कितीही नीट केला तरी औषधांचा ट्रक लांबच्याच रस्त्याने येतो.

पगाराचेही तेच. साथीनंतरच्या वर्षांतल्या अंदाजांनुसार देशातल्या सार्वजनिक आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे पगारपत्रकावरच नव्हते. प्रशिक्षण झालेले, नेमणूक न झालेले, नाव लागेल या आशेवर वर्षानुवर्षे केंद्रात राबणारे. त्यांना स्वयंसेवक म्हटले जाते. अशी एखादी परिचारिका गावासमोर बसते आणि गाव म्हणते, बाळंतपणाचे पैसे घेऊ नका, सरकारने मोफत केले आहे. गावाचे म्हणणे शंभर टक्के बरोबर. तिने ते मान्य केले, तर त्या महिन्यात ती काय खाणार? काही गावे तांदूळ देतात, कुठे शेताचा तुकडा कसायला देतात. ही व्यवस्था माणुसकीची आहे, पण तिचा भार देशातल्या सर्वांत गरीब माणसांवर पडतो, आणि करारात ते गावाचे योगदान म्हणून नोंदले जाते.

समुदाय देखरेखीचा पुढचा कोणताही प्रयोग आखताना मी तिसऱ्या बैठकीनंतर चौथी ठेवेन, जिल्हा परिषदेच्या आणि मंत्रालयाच्या माणसाला समोर बसवून. गाव आणि परिचारिका त्या बैठकीत एका बाजूला बसतील. पत्रकावर त्यांच्याबद्दलचे आकडे नसतील. त्यावर असेल शेवटची औषधाची पेटी कधी आली, तिच्यात काय कमी होते, आणि या केंद्रात किती जण पगाराशिवाय किती वर्षे काम करत आहेत.